मायकल कॉलिन्स नेमका कोणता? एकाच आयरिश नावाची अनेक माणसं वेगळी कशी ओळखायची

प्रश्न एका सार्वजनिक वाचनालयाच्या ग्रंथपालांकडून आला आहे. त्यांच्याकडे जुन्या नोंदवहीतली पुस्तकं संगणकावर चढवायचं काम चालू आहे. ‘कॉलिन्स, मायकल’ या लेखकाच्या नावावर त्यांना चार पुस्तकं दिसतात: चंद्रावर गेलेल्या यानातल्या एका अंतराळवीराच्या आठवणी, आयर्लंडच्या स्वातंत्र्यावरचा एक लेखसंग्रह, अमेरिकेत छापलेली एक डिटेक्टिव्ह कादंबरी आणि एक अलीकडची गंभीर कादंबरी. सॉफ्टवेअर चारही पुस्तकं एकाच लेखकाची म्हणून दाखवतं. त्यांनी विचारलंय: ही माणसं किती, ती एकमेकांच्या नात्यातली आहेत का, आणि वेगळी करायची तर कशाच्या आधारावर?

पहिल्या भागाचं उत्तर सोपं आहे. चार पुस्तकं, चार माणसं. त्यातल्या एकाचं तर ते खरं नावही नाही. या चौघांशिवाय याच नावाचे एक राजदूत, एक संगणकशास्त्रज्ञ आणि आयर्लंडच्या संसदेवर निवडून आलेले आणखी दोघे आहेत, आणि पुढेमागे त्यांच्याही संदर्भाची पुस्तकं तुमच्याकडे येतील. तालिकीकरणाच्या, म्हणजे पुस्तकांच्या नोंदी करण्याच्या, कामात अनेक वर्षं गेल्यावर सांगतो, आयरिश नावांइतकी काळजी दुसऱ्या फार थोड्या नावांना घ्यावी लागते. नाव आणि आडनाव तंतोतंत जुळणं हा तिथे पुरावाच धरता येत नाही. जन्मवर्ष, जन्मगाव आणि काम, या तिन्हींतल्या किमान दोन गोष्टी जुळल्याशिवाय कोणाचं पुस्तक कोणाच्या नावावर लावू नये. हे इतकं ठासून का सांगतोय, ते एकेका माणसाकडे पाहिलं की कळेल.

पहिला मायकल कॉलिन्स आयर्लंडचा क्रांतिकारक. जन्म १६ ऑक्टोबर १८९०, कॉर्क परगण्यात क्लोनाकिल्टीजवळच्या वुडफील्ड या शेतावर. आठ भावंडांत धाकटा. वडिलांचं लग्नच साठीच्या आसपास झालेलं, त्यामुळे हा जन्मला तेव्हा ते पंचाहत्तरीला पोचले होते. वडिलांचं नावही मायकल कॉलिन्सच. म्हणजे एकाच घरात, एकाच छपराखाली दोन मायकल कॉलिन्स. १९०६ मध्ये हा मुलगा लंडनला पोस्टाच्या बचत बँकेत कारकून म्हणून लागला. पुढे शेअर दलालांच्या पेढीत आणि एका अमेरिकन बँकेच्या लंडन शाखेत त्याने काम केलं. हिशेबाची ही शिस्त त्याच्या राजकारणात शेवटपर्यंत दिसते. १९१९ मध्ये बंडखोर आयरिश संसदेचा, म्हणजे डॉलचा, अर्थमंत्री झाल्यावर त्याने ब्रिटिशांच्या नाकावर टिच्चून राष्ट्रीय कर्ज उभारलं. साडेतीन लाख पौंडांहून अधिक रक्कम जमली. सरकार बेकायदा ठरवलेलं, कचेऱ्यांवर धाडी पडतायत, आणि तरी कर्जाच्या पैशांचे हिशेब चोख ठेवले जातायत! त्याच वेळी तो आयरिश रिपब्लिकन आर्मीच्या हेरखात्याचाही प्रमुख होता. २१ नोव्हेंबर १९२० च्या सकाळी त्याच्या माणसांनी डब्लिनमध्ये ब्रिटिश गुप्तहेर अधिकाऱ्यांना त्यांच्या मुक्कामाच्या खोल्यांत गाठून मारलं, आणि त्याच दुपारी ब्रिटिशांच्या फौजेने क्रोक पार्क मैदानावर फुटबॉल बघायला आलेल्या लोकांवर गोळीबार केला. आयर्लंडच्या इतिहासात तो दिवस ‘रक्तरंजित रविवार’ म्हणून ओळखला जातो.

मराठी वाचकाला हा काळ तसा परका नाही. आयर्लंडमधला ‘होमरूल’ हा शब्द टिळकांनी आपल्या चळवळीसाठी घेतला आणि एप्रिल १९१६ मध्ये बेळगावला होमरूल लीग स्थापन केली. डब्लिनमधला ब्रिटिशांविरुद्धचा ईस्टरचा उठाव नेमका त्याच महिन्यातला. त्या उठावात पोस्टाच्या मुख्य इमारतीत लढणाऱ्यांत पंचवीस वर्षांचा मायकल कॉलिन्स होता.

आता तुमच्या कामाशी थेट संबंध असलेली एक गोष्ट. ६ डिसेंबर १९२१ ला, मध्यरात्र उलटल्यावर, लंडनमध्ये डाउनिंग स्ट्रीटवर ब्रिटिश सरकार आणि आयरिश प्रतिनिधी यांच्यातल्या अँग्लो-आयरिश तहावर सह्या झाल्या. या माणसाच्या आयुष्यातली सर्वांत महत्त्वाची सही ती. तो कागद समोर ठेवला तर त्यावर ‘मायकल कॉलिन्स’ हे नाव सापडत नाही. आयरिश प्रतिनिधींनी आपल्या भाषेत सह्या केल्या आणि याची सही आहे ‘मिहॉल ओ कुलान’ अशी. लिहिताना ती रोमन अक्षरांतच, पण आयरिश वळणाने लिहिलेली आहे. एरवीचा त्याचा बहुतेक पत्रव्यवहार मात्र इंग्रजी नावाने आहे. त्या पिढीतल्या अनेक आयरिश लोकांची अशी दोन-दोन नावं असतात आणि आयर्लंडमध्ये छापलेल्या पुस्तकांवर कधी एक, कधी दुसरं येतं. म्हणून एका नावाची अनेक माणसं जितकी अडचण करतात, तितकीच एका माणसाची अनेक नावंही करतात. दोन्हींचा बंदोबस्त एकाच नोंदीत करावा लागतो.

तहानंतर तो हंगामी सरकारचा अध्यक्ष झाला. तह मान्य नसलेले त्याचेच जुने सहकारी विरोधात गेले, यादवी पेटली, आणि २२ ऑगस्ट १९२२ ला त्याच्याच पश्चिम कॉर्कमध्ये, बेल ना ब्लाह इथे, दबा धरून बसलेल्यांच्या गोळीने तो पडला. वय एकतीस. डब्लिनच्या ग्लासनेव्हिन दफनभूमीत त्याची कबर आहे आणि आजही तिच्यावर ताजी फुलं असतात. तुमच्याकडचा लेखसंग्रह याचा. तो त्याच्या मृत्यूनंतर निघाला.

दुसरा मायकल कॉलिन्स चंद्रापर्यंत गेलेला. जन्म ३१ ऑक्टोबर १९३०, रोममध्ये, कारण त्याचे वडील अमेरिकेच्या लष्कराचे प्रतिनिधी म्हणून तिथल्या वकिलातीत होते. हे जन्मगाव बघून अनेकजण बुचकळ्यात पडतात आणि कुठल्यातरी इटालियन कॉलिन्सची वेगळी नोंद करून मोकळे होतात. घराणं पूर्णपणे लष्करी. काका जनरल जोसेफ लॉटन कॉलिन्स अमेरिकेच्या भूदलाचे प्रमुख होते. मायकल वेस्ट पॉइंट या लष्करी अकादमीतून १९५२ मध्ये बाहेर पडला, हवाई दलात गेला, एडवर्ड्स तळावर चाचणी वैमानिक झाला आणि १९६३ मध्ये नासाच्या तिसऱ्या तुकडीत निवडला गेला.

जुलै १९६६ मध्ये जॉन यंगबरोबर जेमिनी १० वर गेला तेव्हा त्याने एकाच मोहिमेत दोनदा यानाबाहेरचं काम केलं. दुसऱ्या खेपेला तो जेमिनी ८ च्या वेळी अवकाशात राहिलेल्या अजीना या मानवरहित यानापर्यंत गेला आणि तिथून सूक्ष्म उल्कांच्या प्रयोगाची पेटी काढून आणली. त्या धडपडीत त्याच्या हातातला कॅमेरा निसटून अवकाशात गेला. तुमच्या वाचनालयात मुलांसाठी फलक लावताना नेटवरून ‘मायकल कॉलिन्सचा स्पेसवॉक’ असा फोटो उतरवून घेतलात, तर तो बहुधा दुसऱ्याच अंतराळवीराचा असेल. फोटो कुठल्या मोहिमेतला, ते नासाच्या संग्रहात तपासूनच वापरा.

त्याचं नाव खरं तर अपोलो ८ साठी ठरलं होतं. मानेच्या मणक्याचं ऑपरेशन करावं लागलं आणि त्याची जागा जिम लव्हेलला मिळाली. मग आलं अपोलो ११. जुलै १९६९. आर्मस्ट्राँग आणि ऑल्ड्रिन चंद्रावर उतरले तेव्हा हा कोलंबिया या मुख्य यानात एकटा चंद्राभोवती फिरत होता, साधारण ११० किलोमीटर उंचीवरून, सुमारे एकवीस तासांहून अधिक काळ. दर फेरीत यान चंद्राच्या मागे गेलं की जवळजवळ अठ्ठेचाळीस मिनिटं पृथ्वीशी संपर्क तुटायचा. वर्तमानपत्रांनी त्याला ‘जगातला सर्वांत एकाकी माणूस’ म्हटलं. त्याने स्वतः मात्र आठवणींत स्पष्ट लिहिलंय की त्याला एकाकी वाटलं नाही. त्याला घोर होता तो वेगळाच. खाली उतरलेल्या दोघांचं इंजिन पेटलं नाही तर त्यांना तिथेच सोडून एकट्याने परतावं लागलं असतं, आणि त्या परिस्थितीत आपण जन्मभर त्या एका गोष्टीने ओळखले जाऊ याची त्याला पूर्ण जाणीव होती. त्या काळी चंद्रयात्रेचं श्रेय दोघांनाच वाटलं गेलं. तिसऱ्याचं काम वाचलं की लक्षात येतं, परतीची सगळी भिस्त या माणसावर होती.

याचीही एक सही सांगण्यासारखी आहे. यान समुद्रातून उचलून हॉर्नेट जहाजावर ठेवल्यावर तो पुन्हा आत शिरला आणि आतल्या एका पॅनेलवर पेनने लिहिलं: अंतराळयान १०७, ऊर्फ अपोलो ११, ऊर्फ कोलंबिया, कारखान्यातून निघालेलं सर्वांत उत्तम यान, देव तिचं भलं करो. खाली सही, मायकल कॉलिन्स, आणि पुढे तीन अक्षरं: सीएमपी. म्हणजे मुख्य यानाचा वैमानिक. तालिकाकार ज्याला नावापुढचा भेददर्शक म्हणतो, तो या माणसाने स्वतःच्या हाताने लिहून ठेवलाय. एका कॉलिन्सच्या सहीत भाषा बदललेली, दुसऱ्याच्या सहीत पुढे काम जोडलेलं. नुसतं नाव दोघांच्याही सहीत नाही.

परतल्यावर तिघांनी पत्नींसह जगाचा दौरा केला आणि ऑक्टोबर १९६९ मध्ये ते मुंबईलाही आले. त्या काळातली मराठी वर्तमानपत्रं आणि नियतकालिकं तुमच्याकडे बांधून ठेवलेली असतील तर या कॉलिन्सची नोंद त्यात नक्की सापडेल, आणि तीत ‘मायकेल’, ‘मायकल’, ‘कॉलिन्स’, ‘कोलिन्स’ अशी सगळी रूपं भेटतील. पुढे १९७१ ते १९७८ तो वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय हवाई व अंतराळ संग्रहालयाचा संचालक होता. तिथल्या ‘नॅशनल मॉल’ या मैदानावरची संग्रहालयाची आजची इमारत १ जुलै १९७६ ला उघडली ती त्याच्या कारकिर्दीत. आठवणींचं पुस्तक १९७४ चं, आणि ते त्याने स्वतः लिहिलं, पगारी लेखकाकडून लिहून घेतलं नाही. अंतराळवीरांच्या आत्मचरित्रांत ते मला सर्वांत वरचं वाटतं. वाचनालयात असेल तर कपाटात बंद करून ठेवू नका. मृत्यू २८ एप्रिल २०२१, वय नव्वद.

आता नात्याचा प्रश्न. पहिला १९२२ मध्ये गेला, दुसरा १९३० मध्ये जन्मला, म्हणजे भेट होणं शक्यच नाही. अंतराळवीराच्या आजोबांचं मूळ गाव कॉर्क परगण्यातलं डनमनवे. क्लोनाकिल्टी आणि डनमनवे दोन्ही पश्चिम कॉर्कमध्ये, एकमेकांपासून फार लांब नाहीत. गंमत वाटावी असा आणखी एक धागा आहे. लंडनमध्ये तरुण कॉलिन्सला गुप्त क्रांतिकारी संघटनेत सामील करून घेणारा सॅम मॅग्वायर डनमनवेकडचाच. एवढं सगळं जुळतंय म्हटल्यावर नेटवर लोक ‘क्रांतिकारकाचा नातू’, ‘पुतण्याचा मुलगा’ असं काहीही लिहितात. गाव आणि आडनाव जुळलं म्हणून नातं ठरत नाही. त्या भागात कॉलिन्स हे आडनाव इतकं पसरलेलं आहे की पश्चिम कॉर्कमधले दोन कॉलिन्स एका कुळाचे असणं जितकं शक्य आहे, तितकंच नसणंही. तुमच्या नोंदीत दोघांमध्ये नात्याचा कुठलाही दुवा घालू नका.

आयरिश माणसांची अशी नाती शोधणं एरवीपेक्षा अवघड का होतं, त्यामागे मोठी करुण गोष्ट आहे आणि तिच्यात आपला पहिला मायकल कॉलिन्स थेट आहे. २८ जून १९२२ ला त्याच्या हंगामी सरकारच्या फौजेने डब्लिनच्या फोर कोर्ट्स इमारतीत ठाण मांडून बसलेल्या विरोधकांवर तोफा डागल्या. याच आवारात आयर्लंडचा सरकारी दफ्तरखाना होता. ३० जूनला तिथे प्रचंड स्फोट झाला, आग लागली आणि तेराव्या शतकापासूनची कागदपत्रं जळाली. १८२१ ते १८५१ च्या जनगणनांचे बहुतेक सगळे कागद त्यात गेले. १८६१ ते १८९१ च्या जनगणनांचे कागद तर सरकारने त्याआधीच नष्ट केले होते. त्यामुळे संपूर्ण देशाची घराघरांची यादी आज पहिल्यांदा मिळते ती १९०१ ची, आणि मग १९११ ची. दोन्ही आयर्लंडच्या राष्ट्रीय अभिलेखागाराने नेटवर फुकट ठेवल्या आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला अमेरिकेला गेलेल्या माणसाचं आयर्लंडमधलं घर शोधायचं तर हाताशी उरतात त्या चर्चच्या बाप्तिस्मा नोंदी आणि १८६४ पासूनची सरकारी जन्मनोंद. कॅथलिक पॅरिशची रजिस्टरं गावोगावच्या चर्चमध्येच होती म्हणून बरीचशी वाचली.

त्यात नावांची पद्धत. पारंपरिक आयरिश घरात पहिल्या मुलाला वडिलांच्या वडिलांचं नाव, दुसऱ्याला आईच्या वडिलांचं, तिसऱ्याला वडिलांचं. आपल्याकडेही नातवाला आजोबांचं नाव ठेवतात, त्यामुळे हे लगेच कळेल. पण तिथे संतांच्या ठरावीक नावांचाच साठा: पॅट्रिक, मायकल, जॉन, मेरी, ब्रिजिट. चार भावांना प्रत्येकी मुलगे झाले की एका गावात सारख्याच नावाचे चार चुलत भाऊ तयार. मग गावात माणसं बापाचं नाव जोडून किंवा घराण्याचं टोपणनाव लावून एकमेकांना ओळखायची. पण ते टोपणनाव कागदावर येत नाही, आणि तो माणूस बोस्टनला उतरला की तेही गळून पडतं. १८४५ नंतरच्या बटाट्याच्या दुष्काळात सुमारे दहा लाख माणसं मेली आणि त्याहून जास्त देश सोडून गेली. ती इंग्लंड, अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलियात गेली ती ही मोजकी नावं घेऊनच. आपल्याकडे मधलं नाव वडिलांचं असतं, त्यामुळे पाटील किंवा जाधव कितीही असले तरी तीन नावं मिळून माणूस बऱ्यापैकी वेगळा होतो. आयरिश नावात ती मदत नाही.

आणि सगळे कॉलिन्स आयरिश असतात असंही नाही. आयर्लंडमधलं मूळ घराणं लिमरिककडचं, तेराव्या शतकात त्यांतले बरेच पश्चिम कॉर्कमध्ये सरकले. पण इंग्लंडमध्ये हेच आडनाव निकोलस या नावापासून वेगळ्याच वाटेने तयार झालंय. आडनावावरून देश लिहू नका.

तिसरा आणि चौथा कॉलिन्स कादंबरीकार. ग्रंथालयात सर्वांत जास्त घोटाळा होतो तो या दोघांचा, कारण दोघांचीही पुस्तकं कथा-कादंबरीच्या कपाटात, इंग्रजीत आणि शेजारी शेजारी. तुमच्याकडची डिटेक्टिव्ह कादंबरी, त्यात एका हाताचा डॅन फॉर्च्यून नावाचा डिटेक्टिव्ह असेल तर, अमेरिकन लेखक डेनिस लिंड्सची आहे. जन्म १९२४, मृत्यू २००५. ‘मायकल कॉलिन्स’ हे त्याने या मालिकेसाठी घेतलेलं टोपणनाव. पहिल्याच पुस्तकाला पदार्पणाच्या कादंबरीसाठीचा एडगर हा रहस्यकथांचा पुरस्कार मिळाला. विल्यम आर्डेन, मार्क सॅडलर, जॉन क्रो अशी त्याची आणखीही टोपणनावं आहेत. इथे नियम असा की प्रत्येक टोपणनाव त्या-त्या पुस्तकांच्या लेखकनोंदीचं शीर्षक म्हणून ठेवायचं आणि सगळी नावं ‘हेही पाहा’ नोंदींनी एकमेकांशी जोडायची. सगळं खऱ्या नावाखाली ओढू नका. वाचक पुस्तकावर जे नाव बघून आलाय तेच शोधणार.

चौथा खरोखरच मायकल कॉलिन्स, आणि खरोखरच आयरिश. जन्म १९६४, लिमरिक. त्याची एक कादंबरी २००० च्या बुकर पारितोषिकाच्या अंतिम यादीत होती. पुढे अमेरिकेत राहिला आणि तिथल्या ओसाड पडलेल्या कारखान्यांच्या गावांवर लिहिलं. शिवाय तो लांब पल्ल्याचा धावपटू आहे, मॅरेथॉनच्याही पलीकडची अंतरं धावणारा. त्यामुळे क्रीडाविषयक लेखांत हे नाव दिसलं आणि मजकूर कादंबरीकाराशी जुळला, तर तिथे उलटी काळजी घ्यायची. तो पाचवा माणूस समजून वेगळी नोंद करायची नाही.

यापुढचे थोडक्यात सांगतो. कॉर्क साउथ-वेस्ट मतदारसंघातून २०१६ पासून निवडून येणारे मायकल कॉलिन्स हे खासदार आहेत. क्लोनाकिल्टी याच मतदारसंघात येतं, म्हणजे क्रांतिकारक कॉलिन्स १९१८ मध्ये ज्या मुलखातून निवडून आला त्याच मुलखातून, त्याच नावाचा, त्याच डॉलचा सदस्य. शोधयंत्रात ‘मायकल कॉलिन्स, कॉर्क, डॉल’ एवढे तिन्ही शब्द टाकले तरी दोघं एकत्र येतात. इथे साल हाच एक भेद. लिमरिक वेस्टमधून १९९७ ते २००७ आणखी एक मायकल कॉलिन्स डॉलमध्ये होते. २००७ ते २०१३ आयर्लंडचे अमेरिकेतले राजदूतही मायकल कॉलिन्स.

संगणकशास्त्रातले मायकल कॉलिन्स मात्र जरा थांबून बघण्यासारखे. वाक्याची व्याकरणिक रचना संख्याशास्त्राने ओळखण्याचं त्यांचं १९९० च्या दशकाअखेरचं काम भाषा-तंत्रज्ञानात पायाभूत मानलं जातं. ते पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातून डॉक्टरेट करून पुढे एमआयटीत शिकवत होते आणि नंतर कोलंबिया विद्यापीठात गेले. आता ‘मायकल कॉलिन्स कोलंबिया’ असं शोधून बघा. एक प्राध्यापक, एक अंतराळवीर. त्यात आयलीन कॉलिन्स ही तिसरी व्यक्ती घुसते. अमेरिकेच्या स्पेस शटलची पहिली स्त्री वैमानिक (१९९५) आणि शटल मोहिमेची पहिली स्त्री कमांडर. ती मोहीम जुलै १९९९ मध्ये कोलंबिया याच नावाच्या शटलची, अपोलो ११ नंतर बरोबर तीस वर्षांनी. तेच आडनाव, तीच नासा, यानाचं तेच नाव, महिनाही तोच. नुसतं ‘एम. कॉलिन्स’ किंवा ‘कॉलिन्स’ असं छापलेल्या लेखाची सूची करताना इथे हमखास पाय घसरतो. म्हणून ओळख पटवायला वापरलेला शब्द आधी पारखून घ्यावा लागतो. कोलंबिया इथे काहीच वेगळं करत नाही, १९६९ करतं.

आता प्रत्यक्ष नोंदी. ग्रंथालयाचं सॉफ्टवेअर म्हणून तुम्ही ई-ग्रंथालय वापरा, कोहा वापरा किंवा सोल, लेखकाच्या रकान्यात दोन-तीन अक्षरं टाकली की आधीची नावं खाली उघडतात आणि पहिल्या ‘कॉलिन्स, मायकल’ वर क्लिक होऊन जातं. घाईच्या कामात चारही पुस्तकं एकत्र येण्याचं कारण बहुतेक वेळा हेच. उपाय म्हणजे नुसतं ‘कॉलिन्स, मायकल’ हे रूप यादीतून काढूनच टाकायचं. चार स्वतंत्र शीर्षकं करा: ‘कॉलिन्स, मायकल, १८९०-१९२२’, ‘कॉलिन्स, मायकल, १९२४-२००५’, ‘कॉलिन्स, मायकल, १९३०-२०२१’, ‘कॉलिन्स, मायकल, १९६४-’. मार्क या संगणकीय ग्रंथनोंदीच्या साच्यात ही वर्षं १०० क्रमांकाच्या टॅगच्या ‘डी’ उपरकान्यात जातात. वर्षं मिळाली नाहीत तर काम लिहा: ‘संगणकशास्त्रज्ञ’, ‘राजनीतिज्ञ’. क्रांतिकारकाच्या नोंदीत त्याचं आयरिश नाव पर्यायी रूप म्हणून घाला, टोपणनावाच्या नोंदीत लिंड्स.

एक गोष्ट विसरली जाते. क्रांतिकारकाने स्वतः लिहिलेलं थोडं आहे, त्याच्याविषयी लिहिलेलं भरपूर. त्याची चरित्रं त्याच्या नावाखाली लेखक म्हणून जाता कामा नयेत. तिथे त्याचं नाव ६०० च्या टॅगमध्ये, विषय म्हणून, पण शीर्षकाचं रूप तेच, वर्षांसकट. रूप बदललं की एकाच माणसाची पुस्तकं दोन ठिकाणी विखुरतात.

देवनागरी नोंदींसाठी एकच रूप ठरवा आणि बाकीची ‘पाहा’ नोंदीने त्याकडे वळवा. मी ‘मायकल’ ठेवतो. तुमच्या भागातले वाचक ‘मायकेल’ टाइप करत असतील तर ते ठेवा. ठरवलेलं पाळलं म्हणजे झालं. जगभरच्या ग्रंथालयांची नावं जुळवून दाखवणारी व्हीआयएएफ ही सूची फुकट बघता येते. तिथे जन्मवर्षावरून माणूस पक्का करा आणि जिथे लेखकाची ओळख ठरवणारा सोळा अंकी आयएसएनआय क्रमांक मिळेल तो नोंदीत उतरवून ठेवा. पुढे कोणी पाचवा मायकल कॉलिन्स आणला तरी तो क्रमांक हलत नाही.

पुस्तकाचा विषय दाखवणारा ड्यूई क्रमांकही पडताळणीला कामी येतो. आयर्लंडचा इतिहास ९४१.५, अंतराळप्रवास ६२९.४५, अमेरिकन कादंबरी ८१३, ब्रिटिश-आयरिश इंग्रजी कादंबरी ८२३. एका लेखकाच्या नावाखाली हे चारही क्रमांक दिसले की तिथे गोंधळ आहे असं समजून नोंद उघडायचीच. असा अहवाल सॉफ्टवेअरमधून काढता येतो आणि इतर नावांचेही घोटाळे त्यात सापडतात. मर्फी, केली, ओब्रायन, सुलिव्हन यांच्यापासून सुरुवात करा.

तुमच्या चौथ्या पुस्तकाबद्दल तुम्ही फक्त ‘अलीकडची गंभीर कादंबरी’ एवढंच लिहिलंय. ती लिमरिकच्या कॉलिन्सची असावी असं मी वर धरून चाललोय, पण ते अजून पडताळायचं आहे. मुखपृष्ठावर विसंबू नका, पान उलटून कॉपीराइटच्या मजकुरात ‘डेनिस लिंड्स’ आहे का ते आधी बघा, मग मलपृष्ठावरच्या परिचयात लिमरिक किंवा बुकरचा उल्लेख आहे का ते. दोन्हींतलं काहीच नसेल तर ते पुस्तक तात्पुरतं चौघांपैकी कोणालाही जोडू नका. नावापुढे ‘कादंबरीकार’ एवढंच लिहून स्वतंत्र ठेवा. पुढे माहिती मिळाली की जोडणं दोन मिनिटांचं काम आहे. चुकून एकत्र गेलेल्या नोंदी नंतर सोडवत बसणं त्याहून कितीतरी किचकट असतं.